बेटावरची वानगी

आमच्याकडं बेटाला ब्याट म्हणतात. पुस्तकात बेट लिहितात हे मला ठाऊक आहे. पण जिभेला ब्याटच बसलंय, आणि या वयात ती सुधारायला मी काही शाळेत जाणार नाही. शाळेत गेलो तेही दोन वर्षं, आणि ती मोगलाईतली उर्दू शाळा. मराठी अक्षरं मी नंतर दुकानांच्या पाट्या आणि पंचांगं वाचून शिकलो. तेव्हा चुका निघतील. काढा.

आमची मंडळी गेली त्याला येत्या आषाढात वर्ष होईल. लोक येतात, बसतात, मान हलवतात आणि म्हणतात, लई चांगल्या होत्या हो. मला राग येतो. चांगली होती म्हणजे काय? देवळातली मूर्ती होती का? तिखट होती, हट्टी होती, चिडली की दोन-दोन दिवस कानडीतच बोलायची, म्हणजे मला कळू नये. तिच्याबद्दल कुणी विचारलं तर मी ब्याटावरच्या जत्रेची गोष्ट सांगतो. ऐकून माणसं हसतात आणि मला जरा बरं वाटतं. रडणारी माणसं मला घरात नकोत. मी एकटा आहे तेवढा पुरे.

आमचं गाव जळकोटापासून दोन-अडीच कोसांवर, बोरी नदीच्या काठाला. गावाच्या खालच्या अंगाला नदी दोन फाटे करून वाहते आणि पुढं जाऊन पुन्हा एक होते. मधे उरतं ते आमचं ब्याट. लई मोठं नाही. एका औताला चार दिवसांचं काम होईल एवढी जमीन, चार करंजाची झाडं, आणि झाडांखाली महादेवाची पिंड. वर्षातले सगळे दिवस तिथं बगळे बसतात. मार्गशीर्षातल्या पहिल्या सोमवारी मात्र जत्रा, आणि त्या दिवशी बगळ्यांना जागा मिळत नाही.

लढाईची सालं होती ती, साहेबाची आणि जर्मनची. आमच्या शिवारात काही लढाई नव्हती. पण साखर दिसेनाशी झाली होती आणि रॉकेल औषधासारखं जपून वापरायचे. त्या साली तुळशीचं लग्न लागलं आणि पाठोपाठ माझं. मी बावीस वर्षांचा. ती एकोणिसाची. त्या काळात हे लई उशिरा म्हणायचे. तिची आई आधीच गेलेली, घर तिच्या अंगावर, म्हणून तिचं लग्न रखडलं होतं. ती आळंदच्या पलीकडची, कानडी मुलखातली. मुलूख तोही निजामाचाच, पण बोली निराळी.

आम्ही लिंगायत. आमच्या घरात गळ्यात लिंग आणि तोंडात मराठी. कानडी एकट्या वडलांना यायचं, ते बैलबाजारासाठी त्या बाजूला हिंडलेले. पण सासऱ्यानं सुनेशी बोलायचं नाही ही रीत. म्हणजे घरात ज्याला कानडी येतं त्याला बोलायची बंदी, आणि ज्यांना बोलायची मोकळीक त्यांना कानडी येत नाही. आमचे पूर्वज शहाणे होते म्हणतात. असतील.

आईचा स्वभाव सरळ होता. सरळ म्हणजे बाभळीच्या काट्यासारखा. जेवताना ती एकदाच विचारायची, "वाढू?" व्हय म्हणलं तर वाढायची. न्हाय म्हणलं तर भाकरीचं टोपलं उचलून चुलीकडं. पाहुण्याचीही गय नव्हती. म्हणायची, "न्हाय म्हणजे न्हाय. मागं लागाया मी काय भिकारीण हाय?" आम्हांला तीच सवय. आमच्या घरात भूक लागलेला माणूस ओरडून सांगायचा.

नवी सून तोंड उघडत नव्हती. ताटात पहिली अर्धी भाकरी असायची तेवढी खायची. आईनं "वाढू?" म्हणलं की हातानं ताट झाकायची. टोपलं जायचं. सकाळी न्याहारीला विचारलं की मान हलवायची. टोपलं जायचं. मग दिवसभर दळण, पाणी, शेण, आणि दुपारी कापसाच्या रानात. बारा दिवसांत तिच्या हातातल्या बांगड्या कोपराकडं चढायला लागल्या.

शेजारणी भिंतीवरून बघायच्याच. त्यांनी आईला सांगितलं, "सून अन्न नाकारती म्हंजी मन हितं न्हाय. मुराळी येऊ दे, बघा, गेली की परत यायची न्हाय." मुराळी म्हणजे सुनेला पहिल्यांदा माहेरी न्यायला येणारा भाऊ. तो जत्रेच्या दुसऱ्या दिवशी यायचा होता. मुराळ्याबरोबर गेलेली पोर परत आलीच नाही असं आमच्या गावात दोन घरांत झालेलं. आई म्हणाली, "न्हाय आली तर न्हाय आली. माझ्या हाताची भाकर जिला गोड लागंना तिला मी धरून ठिवू का?" पण हे म्हणताना आईनं चुलीतलं लाकूड उगीच तीनदा पुढं-मागं केलं, ते मी बघितलं.

मला ती जायला नको होती. का ते सांगता यायचं नाही. एकदा गोठ्यात वासरानं मला मागून ढुशी दिली आणि मी फतकन शेणात बसलो. ती पदर तोंडात कोंबून हसली. बारा दिवसांत तिचा मी ऐकलेला आवाज तेवढाच. तेवढ्यावर माणूस एवढा अडकतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

जत्रेच्या दिवशी सकाळी मी धीर करून गोठ्याच्या आडोशाला तिला विचारलं, "तुला काय पायजे का? काय खावंसं वाटतंय का?"

ती खाली बघून म्हणाली, "ब्याड."

"ब्याट?"

"ब्याड," ती पुन्हा म्हणाली, आणि शेणाची पाटी उचलून गेली.

मी तसाच आईकडं पळालो. म्हणलं, "ती ब्याटावर जायचं म्हणतीया."

आईनं कपाळावर हात मारला. "बघा! बारा दिवस मुकी होती. तोंड उघडलं ते जत्रंसाठी!"

वडील ओसरीवरून म्हणाले, "नवं जोडपं हाय. जोडीनं पाया पडून येऊ द्या." वडील बोलले म्हणजे झालं. तिला नवं लुगडं नेसायला सांगितलं, खुणा करून नदीकडं बोट दाखवलं. तिच्या तोंडावर जे दिसलं ते मी आनंद समजलो.

ब्याटावर जायला एका फाट्यात छातीएवढं पाणी. तिथं काहिल असायची. काहिल म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी लोखंडी कढई. गुऱ्हाळ लागेपर्यंत ती रिकामीच, म्हणून जत्रेला तिची नाव करायचे. चार माणसं आत उकिडवी बसायची आणि दोन पोहणारे गडी बाहेरून ढकलायचे. काहिल गोल, त्यामुळं ती सरळ कधीच जात नाही. गरगर फिरत जाते. पलीकडं पोचेपर्यंत माणसाला देव आधीच दिसलेला असतो. ती माझ्या समोर बसली होती, काठ धरून. अर्ध्या पाण्यात काहिल दोनदा फिरली तशी तिनं काठ सोडला आणि माझं धोतर धरलं. ढकलणारा गडी म्हणाला, "वहिनी, धोतर नगा धरू. ते सुटलं तर देवाला काय दावायचं?" तिला कळलं नसावं. मला कळलं, आणि मी दोन्ही हातांनी धोतर धरलं.

आता ब्याटावरची रीत सांगतो. तिथं कुठलीही खायची वस्तू चाखल्याशिवाय विकत घ्यायची नाही. आधी वानगी. विकणाऱ्यानं आपल्या मालातली चिमूटभर पहिल्यांदा पिंडीवर ठेवायची आणि मग येईल त्याच्या तळहातावर. म्हातारे सांगायचे, पूर्वी कुणीतरी शिळी मिठाई विकली आणि निम्मं गाव आजारी पडलं, तेव्हापासून हा नियम. दुसरं म्हणजे, ब्याटावर विटाळ नाही असं म्हणायचे. तिथं कुणीही कुणाच्या हातचं खायचं. काहिलीतून परत आलं की विटाळ काठावर वाट बघत उभा असायचाच, पण एक दिवस तरी सुटका. बायाही खायच्या, फक्त नदीकडं तोंड करून. उघड्यावर खाणं बाईमाणसाला शोभत नाही, पण नदीनं बघितलं तर चालतं.

वानगीवरच पोट भरणारेही होते. आमच्या गावचा एक जण डोक्याचा पटका बदलून बदलून त्याच पालावर तीनदा जायचा. विकणारे ओळखायचे. "या, आता हिरवा पटका का?" म्हणायचे आणि तरी द्यायचे.

पाया पडून झालं आणि आम्ही पहिल्या पालावर गेलो. मिरच्यांची भजी. तळणारी बाई अंगानं दणकट, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिनं भज्याचा तुकडा मोडून पुढं केला. "घे गं नवरीबाई."

"ब्याड," ती म्हणाली.

मी म्हणलं, "व्हय व्हय, आलोय आपण ब्याटावर. घे."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प बसलो. भजीवाली काही गप्प बसणारी नव्हती. "अगं घे की. पैसं न्हाई मागत, वानगी हाय." ही पुन्हा, "ब्याड." भजीवाली म्हणाली, "माझ्या कढईचा अपमान करतीस व्हय? घे म्हणते ना!" तिसऱ्यांदा हिनं तळहात पुढं केला. नदीकडं तोंड केलं, तुकडा तोंडात टाकला. दोनदा चावला आणि डोळ्यांत पाणी. नाक पुसत म्हणाली, "खारा! खारा!"

झालं. भजीवाली झारा घेऊन उठली. "खारी? माझी भजी खारी? अवो, ऐकलं का! हिच्या माहेरी मीठ दिसलं न्हाय वाटतं! या, या, सगळे या, चाखून सांगा, कुठं मीठ जास्ती हाय!" आणि खरंच लोकांना बोलावून तुकडे वाटायला लागली. हिरव्या पटक्याचा सगळ्यांत पुढं. तो चावून चावून म्हणाला, "मीठ बरोबर हाय. आणखी एक दे, पक्कं सांगतो." मी हात जोडत होतो आणि ही तोंड उघडं ठेवून वारा घेत होती.

शेजारच्या पालावर एक दाढीवाले चाचा गुडदाणी विकत होते. गूळ आणि शेंगदाण्याच्या वड्या. ते हसून हसून पुढं आले. "अगे बाई, काय कू चिल्लारी? वो तीखा बोलरी. कानडी में खारा बोले तो तिखट. मैं गुलबर्गे का हूं ना, मेरेकू मालूम."

भजीवालीचा झारा खाली आला. "तिखट म्हणती व्हय? मग बराबर हाय. तिखटच हाय." आणि लगेच मोठ्यानं ओरडली, "तिखट भजी! नवरी रडली अशी तिखट भजी!" त्या दिवशी तिचा सगळा माल संपला असणार.

चाचांनी गुडदाणीचा तुकडा हिच्यापुढं धरला. "लेव बहू, मू थंडा हो जाता."

"ब्याड."

"लेव ना."

"ब्याड."

"अरे, मेरी बेटी के सरीखी है तू, लेव!"

घेतला. चाचा माझ्याकडं वळले. मी त्यांना विचारलं, "चाचा, ही सारखी ब्याट ब्याट का करतीया? ब्याटावर तर आणली मी हिला."

चाचा म्हणाले, "ब्याट नै, ब्याड. ब्याड बोले तो नक्को."

मला काहिलीत बसल्यासारखं झालं. नको! सकाळी गोठ्यात मी विचारलं, काय पाहिजे, आणि ती म्हणाली नको. मी त्याचं ब्याट केलं, घर गोळा केलं, तिला नवं लुगडं नेसवून कढईत घालून पाण्यातून आणली. आता इथं तिच्यापुढं जे येतंय त्याला ती नको म्हणतीय. आमची भाकर नको, जत्रा नको, गुडदाणी नको. उद्या भाऊ येणार. मी म्हणलं, शेजारणी बरोबर होत्या. संपलं.

आम्ही पुढं चाललो. वाटेत जिलबीचं पाल. साखर नव्हती, म्हणून गुळाची जिलबी, काळसर, जाडजूड. तो जिलबीवाला झोपाळू माणूस होता. त्यानं न बघताच तुकडा पुढं केला. "वानगी?"

"ब्याड," ही म्हणाली.

"बरं," म्हणून त्यानं तो तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला.

तेव्हा मी तिच्याकडं बघत होतो. ती त्या तुकड्याकडं बघत होती. तुकडा त्याच्या तोंडात गेला, गालात फिरला, गळ्यातून खाली उतरला, तिथपर्यंत तिची नजर त्याच्याबरोबर उतरली. माझ्या रानातली कुत्री भाकरीकडं असं बघते. बायकोला कुत्रीची उपमा देऊ नये, पण मला दुसरं काही सुचत नाही, आणि ती असती तर तीच हसली असती.

मी उभा राहिलो. भजीवालीनं तीनदा विचारलं, घेतलं. चाचांनी तीनदा विचारलं, घेतलं. यानं एकदा विचारलं, नाही घेतलं. मला हिशोब येत नाही, पण तीनपर्यंत येतो.

मी पसाभर भाजलेल्या शेंगा घेतल्या आणि तिला नदीच्या कडेला घेऊन गेलो. चार लोकांत नवऱ्यानं बायकोपुढं हात करून घे म्हणायचं, ही त्या काळी लाजेची गोष्ट. मागून कुणीतरी म्हणालंच, "अवो, बायकूला निवद दावताय का?" मी म्हणलं, "व्हय. तुमच्या बायकूला दावा, मग कळंल." आणि हात पुढं केला.

"घे."

"ब्याड."

"घे की."

"ब्याड." जरा हळू.

"घे. माझ्यासाठी."

तिनं शेंगा घेतल्या. सगळ्याच घेतल्या. मी एवढ्या मोठ्यानं हसलो की करंजावरचे बगळे उडाले. ती चिडली. पहिल्यांदाच माझ्याकडं तोंड वर करून बघितलं आणि म्हणाली, "काय झालं हसाया?"

मराठीत! मोडकं होतं, पण मराठी होतं. तिला येत होतं, आळंदच्या बाजारात कानावर पडलेलं. बारा दिवसांत तिच्याशी चार शब्द नीट बोलायचं आमच्यातल्या कुणाला सुचलं नव्हतं, एवढंच.

मी विचारलं, "तुला भूक लागती का न्हाय?"

"लागती."

"मग घरी न्हाय का म्हणतीस?"

ती शेंगा फोडत फोडत म्हणाली, "आमच्यात तीनदा इचारत्यात. पहिल्यांदा घेतलं तर म्हणत्यात, उपाशी घरची हाय. दुसऱ्यांदा घेतलं तर आधाशी. तिसऱ्यांदा घ्यायचं. तुमच्यात एकदाच इचारत्यात."

"मग?"

"मग काय. मी थांबती. टोपलं जातं."

हे ती इतक्या सरळ म्हणाली की मला हसावं का तिच्या पाया पडावं कळेना. बारा दिवस ही बाई दुसऱ्या हाकेची वाट बघत आमच्या घरात उपाशी बसली, आणि आम्ही बारा दिवस म्हणत होतो, हिला आमचं अन्न गोड लागत नाही.

आता माझी सून आहे. चांगली आहे, वेळेवर जेवायला देते. ती मला एकदाच विचारते, बाबा, वाढू का, आणि मी लगेच व्हय म्हणतो. पण कधी कधी मुद्दाम नको म्हणून बघावं असं वाटतं. तसं करत नाही. तिच्या पोरांची शाळा असते, सकाळची घाई असते. पुढं.

त्या दिवशी मग मी वेड्यासारखं केलं. तिला घेऊन एकेका पालावर परत गेलो. जिलबीवाल्याला म्हणलं, "हिला तीनदा इचार."

"का?"

"इचार म्हणतोय ना."

"नवस हाय का?"

"व्हय, नवसच हाय."

त्यानं डोळे चोळले, हात पुढं केला आणि म्हणाला, "घ्या. घ्या. घ्या." हिनं पहिल्या दोन घ्यांना मान हलवली, तिसऱ्याला घेतली, आणि दुसरी जिलबी अजून तिच्या हातात असताना त्याला तिसरीही द्यायला लावली. मग गोडीशेव खाल्ली, गुळाचा पाक लावलेली, बोटं चाटत. कांद्याची भजी खाल्ली. चिरमुरे-फुटाणे खाल्ले. कुंथलगिरीकडचा एक पेढेवाला आला होता, त्याचा खव्याचा पेढा वानगीला एवढासाच मिळायचा, म्हणून मी माझाही तिला दिला. तोही तीनदा विचारून. खाताना ती मला प्रत्येक गोष्टीचं कानडी नाव सांगायची आणि मी ते चुकवायचो. मिरचीच्या भज्यांकडं मात्र तिनं पुन्हा बघितलं नाही. भजीवालीनं हाक मारली तर म्हणाली, "खारा!" आणि भजीवालीनं तिला डोळा मारला.

शेवटी ती म्हणाली, "साकु." हा शब्द मला कुणी सांगावा लागला नाही. पोटावर हात होता. तरी मी तीनदा विचारलं. तीनदा साकुच.

घरी आलो तेव्हा दिवस मावळायला होता. मी आईला चुलीजवळ गाठून सगळं सांगितलं. आई ऐकत ऐकत लालबुंद. "म्हंजी? माझ्या घरात जेवाया अक्षता द्यायच्या का आता? वाजंत्री लावू का दारात? तीनदा इचारायचं! माझ्या सासूनं मला कवा एकदा तरी इचारलं का?" मी म्हणलं, "उद्या मुराळी येतोय." आई भाकऱ्या थापत राहिली, नेहमीपेक्षा जोरात.

जेवायला बसलो. हिनं अर्धी भाकरी खाल्ली. आई टोपलं घेऊन समोर उभी. मी वडलांच्या पलीकडं बसलेलो, मान खाली. आईनं भाकरी उचलली आणि एका दमात म्हणाली, "घे, घे, घे! झालं का तीनदा?" आणि भाकरी तिच्या ताटात आपटली.

हिनं पदराआडून माझ्याकडं बघितलं. मग भाकरी मोडली आणि खाल्ली. आईनं पुन्हा, "घे घे घे!" आणखी एक. तिसऱ्या भाकरीला वडील ताटात बघत म्हणाले, "अगं, तिला श्वास तरी घेऊ दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ गाडी जुंपून आला. अंगानं उंच, कमी बोलणारा. बहिणीला बघितलं, तिच्या बांगड्यांकडं बघितलं, आणि त्याचं तोंड उतरलं. जेवायला बसवलं. आईनं पहिली भाकरी वाढली, आमटी वाढली. खाऊन झाल्यावर म्हणाली, "वाढू?" त्यानं हातानं ताट झाकलं. आईचा हात सवयीनं टोपल्याकडं गेला. टोपलं उचललंच.

सैपाकघराच्या दारातून आवाज आला, "आत्या, टोपलं ठेवा खाली. त्याला भूक हाय. खोटं बोलतोय त्यो."

नव्या सुनेनं, पाहुण्यासमोर, सासूला. भावाचा हात ताटावर तसाच राहिला. आई तिच्याकडं बघत होती, मी आईकडं. मग आई भावाकडं वळली. "खोटं बोलतोस व्हय रे?" म्हणाली आणि दोन भाकऱ्या त्याच्या हातावरच ठेवल्या. त्यानं हात काढला.

चार भाकऱ्या खाल्ल्या त्यानं.

मग बहीण-भाऊ गाडीजवळ उभे राहून कानडीत बोलले. तो विचारत होता, ती सांगत होती. लई वेळ. मी गोठ्यात उगीच वैरण पुढं-मागं करत होतो. वडील पलीकडं बैलाच्या पाठीवर हात फिरवत होते, ऐकू येईल एवढ्या अंतरावर. ती भावाला हसून काहीतरी म्हणाली, तोही हसला, आणि गाडीत चढला. एकटाच.

मी वडलांना विचारलं, "काय म्हणली?"

वडलांनी तंबाखूची चिमूट गालात सरकवली. "त्यानं इचारलं, अंगावर मास न्हाय राहिलं, लोक जाचत्यात का? ती म्हणली, लोक वंगाळ न्हाईत, बहिरी हायत." मग म्हणाले, "पंचमीला ये न्यायला, म्हणली."

गाडी वळणाआड गेली. ती घरात गेली. आई म्हणाली, "रडतीया का बघ जा."

रडत होती. चुलीपुढं बसून, गुडघ्यात तोंड घालून, आवाज न करता. मी तिथंच बाजूला बसलो. बऱ्याच वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "सरका. चूल पेटवायची हाय."